फ्रेंच भाषेतील प्रत्यक्ष कर्म सर्वनामे

फ्रेंच भाषेतील प्रत्यक्ष कर्म सर्वनामे ही वाक्यातील प्रत्यक्ष कर्माच्या नामाऐवजी येणारी सर्वनामे होत. फ्रेंच व्याकरणात त्यांना ‘प्रोनों कोंप्लेमां दोब्जे दिरेक्त’ असे म्हणतात. म, त, ल, ला, नू, वू, ले ही त्यांची रूपे असून ती सामान्यतः क्रियापदाच्या लगेच आधी येतात. संयुक्त भूतकाळात ही सर्वनामे क्रियापदाच्या धातुसाधित रूपाचे लिंग व वचनही ठरवतात. कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे क्रियापद बदलणे ही गोष्ट मराठी भाषकाला कर्मणी प्रयोगामुळे परिचित असते. मात्र हा बदल केव्हा होतो याचे दोन भाषांतील नियम वेगळे आहेत. बहुतेक चुका या वेगळेपणातून होत असल्याने प्रस्तुत लेखात फ्रेंच नियमांची मांडणी मराठीशी तुलना करून केली आहे.

लिप्यंतराविषयी

या लेखात फ्रेंच शब्द त्यांच्या जवळात जवळच्या उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. ‘झ’ हा घर्षक उच्चार समजावा. ‘म’, ‘त’, ‘ल’, ‘न’ यांतील स्वर मराठीतील ऱ्हस्व ‘अ’सारखा आहे. ‘आतां’, ‘वां’ यांसारख्या शब्दांच्या शेवटचा अनुस्वार अनुनासिक स्वर दाखवतो. स्वराचा लोप झाल्याचे चिन्ह (’) फ्रेंच लेखनाप्रमाणेच ठेवले आहे.

प्रत्यक्ष कर्माची ओळख

ज्या कर्माचा क्रियापदाशी थेट, कोणत्याही अव्ययाच्या मदतीवाचून संबंध येतो, ते फ्रेंचमध्ये प्रत्यक्ष कर्म मानले जाते. ज्या कर्माच्या आधी ‘आ’ हे अव्यय येते, ते अप्रत्यक्ष कर्म होय. व्यक्तिवाचक अप्रत्यक्ष कर्माऐवजी तृतीय पुरुषात ‘ल्वी’ (त्याला, तिला) व ‘लर’ (त्यांना) ही निराळी सर्वनामे वापरतात.

मराठीत हा भेद प्रत्ययावरून ओळखता येत नाही, कारण द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींना ‘ला’ हा प्रत्यय आहे. ‘मी रामाला पाहतो’ यात ‘रामाला’ हे प्रत्यक्ष कर्म आहे आणि ‘मी रामाला पुस्तक देतो’ यात ते अप्रत्यक्ष कर्म आहे, परंतु दोन्ही ठिकाणी शब्दाचे रूप एकच आहे. शिवाय निर्जीव वस्तू कर्मस्थानी असेल तर मराठीत बहुधा प्रत्यय लागतच नाही. म्हणूनच ‘त्याला’ या शब्दावरून फ्रेंच सर्वनाम निवडता येत नाही. प्रत्येक फ्रेंच क्रियापद ‘आ’ घेते की नाही, हे त्या क्रियापदाबरोबरच लक्षात ठेवावे लागते. पुढील उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

• मी त्याला मदत करतो – झ ल’एद (प्रत्यक्ष)
• मी त्याला फोन करतो – झ ल्वी तेलेफोन (अप्रत्यक्ष)
• मी त्याला विचारतो – झ ल्वी दमांद (अप्रत्यक्ष)
• मी त्याची वाट पाहतो – झ ल’आतां (प्रत्यक्ष)
• मी त्याचे ऐकतो – झ ल’एकूत (प्रत्यक्ष)
• मी त्याच्याकडे बघतो – झ ल रगार्द (प्रत्यक्ष)

शेवटच्या तीन वाक्यांत मराठीत षष्ठी किंवा शब्दयोगी अव्यय आहे, तरी फ्रेंचमध्ये कर्म प्रत्यक्षच आहे.

रूपे

• प्रथमपुरुष एकवचन – म (मला)
• द्वितीयपुरुष एकवचन – त (तुला)
• तृतीयपुरुष एकवचन, पुल्लिंग – ल (त्याला)
• तृतीयपुरुष एकवचन, स्त्रीलिंग – ला (तिला)
• प्रथमपुरुष अनेकवचन – नू (आम्हांला, आपल्याला)
• द्वितीयपुरुष अनेकवचन व आदरार्थी – वू (तुम्हांला, आपणांस)
• तृतीयपुरुष अनेकवचन, दोन्ही लिंगे – ले (त्यांना)

पुढील शब्द स्वराने किंवा अनुच्चारित ‘एच’ने सुरू होत असेल तर म, त, ल, ला यांतील स्वराचा लोप होतो व म’, त’, ल’ ही रूपे मिळतात. यामुळे ‘झ ल’आतां’ या वाक्याचा अर्थ ‘मी त्याची वाट पाहतो’ आणि ‘मी तिची वाट पाहतो’ असा दोन्ही प्रकारे होऊ शकतो. ‘ले’ या रूपातील स्वर मात्र लोपत नाही. त्यापुढे स्वर आल्यास मधे ‘झ’ हा उच्चार ऐकू येतो: झ लेझ आतां (मी त्यांची वाट पाहतो).

ल, ला, ले ही सर्वनामे दिसायला फ्रेंचमधील निश्चित उपपदांसारखीच आहेत. दोन्हींचा उगम ‘इल्ले’ या लॅटिन दर्शक सर्वनामात आहे. पुढे नाम असेल तर ते उपपद आणि क्रियापद असेल तर ते सर्वनाम, असे साधारणपणे ओळखता येते.

लिंगाचा प्रश्न

फ्रेंचमध्ये पुल्लिंग व स्त्रीलिंग ही दोनच लिंगे आहेत. नामांना व्याकरणिक लिंग असते ही कल्पना मराठी भाषकाला नवी नाही, परंतु एकाच वस्तूचे लिंग दोन्ही भाषांत सारखे असेलच असे नाही. चंद्र मराठीत पुल्लिंगी, तर फ्रेंच ‘ल्यून’ स्त्रीलिंगी आहे. मराठीतील नपुंसकलिंगी नामे फ्रेंचमध्ये दोन लिंगांत विभागली जातात: पुस्तक (लीव्र) पुल्लिंगी, तर घर (मेझों) आणि पाणी (ओ) स्त्रीलिंगी. सर्वनाम निवडताना फ्रेंच नामाचे लिंग विचारात घ्यावे लागते, मराठी नामाचे नव्हे. ‘मी घर पाहतो, मी ते पाहतो’ याचे फ्रेंच रूप ‘झ व्वा ला मेझों, झ ला व्वा’ असे होते.

वाक्यातील स्थान

फ्रेंच वाक्यात कर्म नाम असेल तर ते क्रियापदानंतर येते आणि सर्वनाम असेल तर क्रियापदाआधी येते. ‘मी गोदावरी पाहतो’ हे वाक्य ‘झ व्वा ला गोदावरी’ असे होते. ‘मी तिला पाहतो’ हे ‘झ ला व्वा’ असे होते. या दुसऱ्या वाक्यातील पदांचा क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असा मराठीसारखाच आहे. याबाबतचे प्रमुख नियम असे आहेत.

नकारार्थी वाक्यात ‘न’ आणि ‘पा’ या दोन नकारदर्शक शब्दांच्या मधे सर्वनाम व क्रियापद ही जोडी राहते: झ न ला व्वा पा (मी तिला पाहत नाही).

एका क्रियापदानंतर दुसऱ्याचे मूळ रूप आल्यास सर्वनाम ज्याचे कर्म आहे त्या रूपाआधी येते: झ वे ल लीर (मी ते वाचणार आहे), इल फो ल लीर (ते वाचायला हवे). ‘फेर’ (करणे, करवणे) तसेच पाहणे, ऐकणे या अर्थांच्या क्रियापदांबरोबर मात्र सर्वनाम पहिल्या क्रियापदाआधी जाते.

संयुक्त भूतकाळात सर्वनाम सहायक क्रियापदाआधी येते: झ ल’ए ल्यू (मी ते वाचले).

होकारार्थी आज्ञार्थात सर्वनाम क्रियापदानंतर संयोगचिन्हाने जोडले जाते आणि म, त यांच्या जागी म्वा, त्वा ही रूपे येतात: रगार्द-ला (तिच्याकडे बघ), आतां-म्वा (माझ्यासाठी थांब). नकारार्थी आज्ञार्थात ते पुन्हा क्रियापदाआधी येते: न म’आतां पा (माझ्यासाठी थांबू नकोस).

सर्वनाम गाळता न येणे

‘पुस्तक वाचलेस का?’ या प्रश्नाला मराठीत ‘हो, वाचले’ हे पूर्ण उत्तर आहे. कर्म कोणते ते संदर्भावरून कळते आणि क्रियापदाचा शेवट त्याचे लिंग सांगतो. ‘चिठ्ठी लिहिलीस का?’, ‘हो, लिहिली’ यातील ‘ली’ हा शेवट स्त्रीलिंगी कर्माकडे निर्देश करतो. सर्वनामाचे काम येथे काही अंशी क्रियापदच करते.

फ्रेंचमध्ये अशा उत्तरात सर्वनाम सामान्यतः आवश्यक असते: वी, झ ल’ए ल्यू (होय, मी ते वाचले). केवळ ‘वी, झ’ए ल्यू’ असे म्हटल्यास ‘होय, मी वाचन केले’ असा अर्थ होतो आणि विशिष्ट पुस्तकाचा संदर्भ तुटतो. मराठीत अशा ठिकाणी सर्वनाम उच्चारण्याची सवय नसल्याने ही चूक बोलताना सर्वाधिक होते.

भूतकाळ आणि धातुसाधिताची जुळणी

फ्रेंचमधील संयुक्त भूतकाळ हा सहायक क्रियापद आणि भूतकालवाचक धातुसाधित यांच्या जोडीने होतो. सहायक क्रियापद ‘आव्वार’ असेल तर धातुसाधिताचे रूप प्रत्यक्ष कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, परंतु केवळ ते कर्म धातुसाधिताच्या आधी आले असेल तरच. स्त्रीलिंगासाठी लेखनात ‘ई’ हे रोमन अक्षर आणि अनेकवचनासाठी ‘एस’ हे अक्षर जोडतात.

पुष्कळ क्रियापदांत हा बदल केवळ लेखनात दिसतो. ‘पाहिले’ या अर्थाचे ‘व्यू’ दोन्ही लिंगांत सारखेच ऐकू येते. धातुसाधिताचे लेखन व्यंजनाने संपत असेल तर मात्र एरवी मूक असणारे ते व्यंजन स्त्रीलिंगात उच्चारले जाते: एक्री – एक्रीत (लिहिलेला – लिहिलेली), प्री – प्रीझ (घेतलेला – घेतलेली), ऊवेर – ऊवेर्त (उघडलेला – उघडलेली).

मराठीत कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिले. कर्माला ‘ला’ प्रत्यय लागला की प्रयोग भावे होतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते: मी मुलाला पाहिले, मी मुलीला पाहिले. थोडक्यात, मराठीतील जुळणी कर्माला प्रत्यय आहे की नाही यावर अवलंबून असते, तर फ्रेंचमधील जुळणी कर्म आधी आहे की नंतर यावर. या दोन नियमांच्या मेळातून चार शक्यता निर्माण होतात.

१. मी चिठ्ठी लिहिली – झ’ए एक्री ला लेत्र. मराठीत जुळणी आहे. फ्रेंचमध्ये कर्म नंतर आल्याने नाही.

२. (चिठ्ठी) मी लिहिली – झ ल’ए एक्रीत. दोन्ही भाषांत जुळणी आहे.

३. मी मुलीला समजून घेतले – झ’ए कोंप्री ला फीय. दोन्ही भाषांत जुळणी नाही.

४. मी तिला समजून घेतले – झ ल’ए कोंप्रीझ. मराठीत जुळणी नाही, फ्रेंचमध्ये आहे.

पहिली आणि चौथी या शक्यतांमध्ये मराठीची सवय विद्यार्थ्याला चुकीच्या दिशेने नेते, तर दुसरी व तिसरी सहज साधतात. चौथ्या शक्यतेत प्रथम व द्वितीय पुरुषाचीही सर्वनामे येतात. ‘त्याने मला समजून घेतले’ हे वाक्य मराठीत स्त्रीने म्हटले काय किंवा पुरुषाने, सारखेच राहते. फ्रेंचमध्ये पुरुष ‘इल म’आ कोंप्री’ असे म्हणेल आणि स्त्री ‘इल म’आ कोंप्रीझ’ असे म्हणेल.

‘मी लिहिलेली चिठ्ठी’ या रचनेशी समांतर असलेल्या ‘ला लेत्र क झ’ए एक्रीत’ या रचनेतही कर्म आधी आल्यामुळे जुळणी होते. अप्रत्यक्ष कर्माच्या सर्वनामाने मात्र जुळणी होत नाही. ‘फेर’ प्रयोजक अर्थाने आले, तर त्याचे ‘फे’ हे धातुसाधितही बदलत नाही.

लिंगभेद आणि जुळणी या दोन्ही गोष्टी पुढील उदाहरणात एकत्र दिसतात. नाशिकचे वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’विषयी मराठीत ‘ते नाटक त्यांनी लिहिले’ असे नपुंसकलिंगी रूप येते. नाटक या अर्थाचा फ्रेंच शब्द ‘प्येस’ स्त्रीलिंगी असल्याने तेच विधान ‘ला प्येस, इल ल’आ एक्रीत’ असे होते.

जुळणीचा उगम

दोन्ही भाषांतील या जुळणीमागे समान कारण आहे. भूतकाळाचे रूप मुळात कर्माचे विशेषण होते. लॅटिनमध्ये ‘माझ्याजवळ लिहिलेले पत्र आहे’ अशा स्वरूपाच्या रचनेतून ‘मी पत्र लिहिले आहे’ हा अर्थ पुढे रूढ झाला. संस्कृतात ‘मया पत्रं लिखितम्’ अशा रचनेत कर्ता तृतीयेत आणि ‘क्त’ प्रत्ययान्त विशेषण कर्माला अनुसरून येई. मराठीचा कर्मणी प्रयोग या परंपरेतला आहे. ‘लिखित’, ‘कृत’ यांतील ‘त’ आणि लॅटिन धातुसाधितांतील ‘त’ हे एकाच आद्य इंडो-युरोपीय प्रत्ययाचे वंशज आहेत. ‘एक्रीत’ या रूपात ऐकू येणारा ‘त’ त्याच प्रत्ययाचा अवशेष आहे. मराठी ‘लिहिला’मधील ‘ल’ हा प्राकृतातील ‘इल्ल’ या प्रत्ययापासून आला असे सामान्यतः मानले जाते.

प्रत्यय लागलेल्या कर्माशी क्रियापदाने जुळावे, हे आधुनिक भारतीय भाषांना अपरिचित नाही. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या गुजरात राज्याच्या गुजराती भाषेत ‘ने’ प्रत्यय लागलेल्या कर्माप्रमाणेही क्रियापद बदलते. या बाबतीत वर दिलेल्या चौथ्या शक्यतेत गुजराती भाषा मराठीपेक्षा फ्रेंचला जवळची आहे.

फ्रेंचमध्ये कर्म आधी असल्यासच जुळणी करावी, हा नियम सोळाव्या शतकातील कवी क्लेमां मारो याने इटालियन भाषेचा दाखला देऊन मांडला. खुद्द फ्रेंच भाषकांनाही तो अवघड वाटतो. २०१८ मध्ये बेल्जियममधील दोन माजी शिक्षकांनी ‘लिबेरासियों’ या फ्रेंच दैनिकातील लेखात, ‘आव्वार’बरोबरचे धातुसाधित कायम अविकारी ठेवावे असे सुचवले आणि त्यावर मोठी चर्चा झाली. शालेय व परीक्षेच्या लेखनात मात्र पारंपरिक नियमच पाळला जातो.

‘आं’ आणि निर्विशेष ‘ल’

ल, ला, ले ही सर्वनामे निश्चित कर्मासाठी आहेत. कर्म अनिश्चित असेल किंवा त्याचे परिमाण सांगायचे असेल तर ‘आं’ हे सर्वनाम वापरतात. लासलगावच्या बाजारातील विक्रेत्याविषयी ‘हे कांदे तो विकतो’ असे सांगायचे असेल तर ‘इल ले वां’ असे म्हणावे लागते. ‘तो कांदे विकतो’ या सर्वसाधारण विधानातील अनिश्चित ‘कांदे’ या कर्माऐवजी सर्वनाम योजल्यास ‘इल आं वां’ असे होते. ‘मी तीन घेतो’ यासाठी ‘झ’आं प्रां त्र्वा’ असे म्हणतात. येथे संख्यावाचक शब्द क्रियापदानंतर राहतो.

संपूर्ण विधानाचा निर्देश करण्यासाठी ‘ल’ हे रूप लिंगनिरपेक्ष वापरतात: झ ल से (मला ते माहीत आहे). मराठीतील नपुंसकलिंगी ‘ते’ या सर्वनामाचा असाच उपयोग होतो.

दोन सर्वनामांचा क्रम

एका वाक्यात प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष अशी दोन सर्वनामे आली तर म, त, नू, वू ही आधी, ल, ला, ले ही त्यानंतर आणि ल्वी, लर ही शेवटी येतात. ‘तो मला ते देतो’ हे वाक्य ‘इल म ल दॉन’ असे होते व त्याचा क्रम मराठीसारखाच आहे. ‘मी त्याला ते देतो’ हे मात्र ‘झ ल ल्वी दॉन’ असे होते, म्हणजे ‘ते’ आधी आणि ‘त्याला’ नंतर येते.

मराठी आणि फ्रेंच यांचा अभ्याससंबंध

मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा एक पायाभूत ग्रंथ फ्रेंच भाषेत लिहिला गेला आहे. भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक (१८८०–१९५३) यांचा मराठीच्या घडणीवरील प्रबंध १९२० मध्ये पॅरिस येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याचा ‘मराठी भाषेचा विकास’ हा मराठी अनुवाद वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केला. कर्तरी, कर्मणी व भावे या प्रयोगांचे सविस्तर विवेचन मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात आढळते.

महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठ व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांच्या विभागांत, आलियांस फ्रांसेझच्या मुंबई व पुणे येथील केंद्रांत, तसेच अनेक शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंच शिकवली जाते. अध्यापनात स्पष्टीकरणाचे माध्यम बहुधा इंग्रजी असते. इंग्रजीत वस्तूंना व्याकरणिक लिंग नाही, सर्वनाम क्रियापदानंतर येते आणि कर्माप्रमाणे धातुसाधित बदलत नाही. त्यामुळे इंग्रजीच्या आधाराने शिकताना हे तिन्ही नियम अपवादात्मक वाटतात. मराठी शाळेतून प्रयोगविचार शिकलेल्या विद्यार्थ्याला यांतील कोणतीही कल्पना सर्वस्वी नवी नसते. त्याला केवळ जुळणीची अट बदलून घ्यावी लागते.

नेहमीच्या चुका

• ‘ला’ प्रत्यय पाहून सर्वत्र ‘ल्वी’ वापरणे. शुद्ध: झ ल’एद (मी त्याला मदत करतो).
• उत्तरात सर्वनाम गाळणे. शुद्ध: वी, झ ल’ए ल्यू.
• मराठी नामाच्या लिंगाप्रमाणे सर्वनाम निवडणे. चंद्रासाठी ‘ला’ हे रूप येते, ‘ल’ नव्हे.
• कर्म नंतर असताना जुळणी करणे. शुद्ध: झ’ए एक्री ला लेत्र.
• ‘तिला’ या अर्थाचे सर्वनाम आधी असताना जुळणी न करणे. शुद्ध: झ ल’ए कोंप्रीझ.
• ‘त्याला ते’ हा मराठी क्रम ठेवणे. शुद्ध: झ ल ल्वी दॉन.